ऑल्टमधला मजकूर : पर्याय की वर्णन?

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली की गोव्यातल्या देवस्थानांच्या, वाचनालयांच्या संकेतस्थळांवर फोटोंचा पूर येतो. संकेतस्थळ सांभाळणारा बहुधा एकटाच, नोकरीतून उरलेल्या वेळात हे काम करणारा. प्रत्येक फोटोला पानाच्या कोडमध्ये ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटो न दिसणाऱ्यासाठी मजकूर, द्यायचा असतो. तो एआयने लिहून दिला तर त्याची मोठीच सोय होते. मीही असेच एक संकेतस्थळ पाहतो. गेल्या चवथीला माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीचा, फोटो एआयला दिला, तर उत्तर आले : 'लाकडी चौकटीला टांगलेली फळे आणि भाज्या'. यातला एकही शब्द खोटा नाही, पण माटोळी मात्र यात कुठेच नाही. या पेचाचे मूळ शोधायला एआयच्या बरेच मागे जावे लागते.

वेबपानात चित्र घालण्याचा टॅग १९९३ साली सुचवला गेला. वेबपाने ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या १९९५मधल्या २.० आवृत्तीत ऑल्ट ऐच्छिक होता आणि त्याचा अर्थ नेमका दिला होता : चित्राच्या जागी वापरायचा मजकूर. जागी, म्हणजे चित्राला पर्याय : चित्र काढून घेतले तरी पान अडू नये इतकाच.

डिसेंबर १९९७च्या एचटीएमएल ४.० ने दोन गोष्टी केल्या. ऑल्ट सक्तीचा झाला, आणि सविस्तर वर्णनासाठी 'लाँगडेस्क' नावाचे वेगळे घर बांधले गेले. पर्याय इथे, वर्णन तिथे, अशी ती स्वच्छ वाटणी होती. पण लाँगडेस्क फारसे कोणी वापरले नाही, आणि सक्तीचा परिणाम भलताच झाला. पानाच्या यांत्रिक तपासणीत चूक दिसू नये म्हणून पाने बनवणारी सॉफ्टवेअरे ऑल्टमध्ये फाइलचे नाव भरू लागली. त्या काळचा सर्वाधिक वापरातला ब्राउझर माउस नेला की ऑल्ट पिवळ्या चौकोनात दाखवायचा, म्हणून कित्येकांनी त्यात फोटोखालची ओळ लिहिली. पुढे सर्च इंजिनसाठी शब्द कोंबणारेही आले.

एचटीएमएल ५ घडत असताना, २००७पासून पुढची काही वर्षे, याच सक्तीवरून कडाक्याचा वाद झाला. एका बाजूचे म्हणणे असे की, लाखो लोक जिथे फोटो चढवतात तिथे ऑल्ट लिहायला कोणी नसते. सक्ती केली की कचरा भरला जातो, त्यापेक्षा जागा सोडून द्यावी. दुसरी बाजू म्हणत होती की एकदा सूट दिली की प्रत्येक जण तिच्याआड लपेल. अपंगांच्या सोयीसाठी झटणारे बहुतेक दुसऱ्या बाजूला होते आणि त्यांची भीती रास्तच होती. तरी आज मागे वळून पाहताना पहिल्या बाजूचा एक मुद्दा मला जास्त मोलाचा वाटतो. सुटलेला ऑल्ट तपासणीत सापडतो, भरलेला सापडत नाही. या चित्राकडे अजून कोणी माणसाने पाहिलेले नाही, हे सुटलेली जागा खरेखरे सांगते. २०१४ साली एचटीएमएल ५ पक्के झाले तेव्हा लाँगडेस्क मुख्य प्रमाणाबाहेर गेले होते. वर्णनाचे घर मोडले आणि त्याचा संसार पर्यायाच्या खोलीत आला, तो अजून तिथेच आहे.

यंत्र या खोलीत शिरले एप्रिल २०१६ मध्ये. एका मोठ्या समाजमाध्यमाने फोटोंचे ऑल्ट आपोआप लिहायला सुरुवात केली. ओळखता येणाऱ्या गोष्टी जेमतेम शंभर, आणि प्रत्येक ओळीची सुरुवात 'चित्रात असू शकते' अशी. जानेवारी २०२१पर्यंत त्या गोष्टी बाराशेच्या वर गेल्या. 'असू शकते' हे दोन शब्द मला त्या सगळ्या कामात सर्वांत प्रामाणिक वाटतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की यंत्राचे वर्णन पोस्टशी जुळत नसले तरी अंध वापरकर्ते त्यावर विश्वास ठेवतात आणि न जुळणारी जागा आपल्या कल्पनेने भरून काढतात. आजच्या एआयमागच्या भाषा-प्रारूपांची वाक्ये सफाईदार असतात, 'असू शकते' त्यातून गळून पडले आहे.

अलीकडे अंध माणूस स्वतःच फोनवरून चित्र एआयला दाखवून विचारू शकतो. हे फार मोठे काम झाले. पण तो विचारतो तेव्हा त्याला उलट प्रश्न करता येतो. संकेतस्थळावर छापून ठेवलेला ऑल्ट उत्तर देत नाही.

त्यात आपली भाषा. वर्णने लिहायला यंत्र ज्या प्रसिद्ध संग्रहावरून शिकले, त्यात प्रत्येक चित्राला पाच ओळी होत्या, सगळ्या इंग्रजी. म्हणून मराठीत मागितले तरी 'लोकांचा समूह उभा आहे' असली ओळ येते. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेतले धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, 'काठ्या घेतलेले पुरुष' होतात, मंगेशीचा दीपस्तंभ 'उंच पांढरा मनोरा'. गोव्यात मराठी आणि कोंकणी दोन्ही देवनागरीत, त्यामुळे पानावर भाषेची खूण नसेल तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, कधी हिंदी आवाजात वाचतो आणि 'चवथ'चा च बिघडतो.

सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली आली, दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६चा. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत दिव्यांगांचा पहिला पर्पल फेस्ट भरला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. असे दडपण वाढले की ऑल्टमधला भरणा वाढतो, १९९७नंतर झाले तसाच.

तो माटोळीचा फोटो आमच्याकडे तीन पानांवर आहे. स्पर्धेच्या निकालात ऑल्टला विजेत्याचे नाव हवे. रानफळांच्या लेखात कवंडळ कुठे, आंबाडे कुठे ते हवे. उत्सवाच्या वेळापत्रकात तो नुसती शोभा आहे, तिथे ऑल्ट सोडायचा नाही, पण मुद्दाम रिकामा ठेवायचा. फोटो एकच असल्याने एआयने तिन्हीकडे एकच ओळ दिली. पानाचा मजकूर सोबत दिल्यावर मसुदा बराच सुधारला, तरी माटोळी हा शब्द मलाच घालावा लागला.

मजकूर यंत्राने लिहिला आहे असे सांगणारी वेगळी खूण एचटीएमएलमध्ये नाही. म्हणून ज्या जुन्या फोटोंपर्यंत मी अजून पोचलो नाही, त्यांच्या ऑल्टच्या सुरुवातीला मी हाताने तीन शब्द लिहितो : 'यंत्राचे, न तपासलेले'.