खेळ जोडलेला अभ्यास आणि खेळातून निघालेला अभ्यास

शाळेच्या अंगणात खडूनं गोल काढलेत, प्रत्येकात एक संख्या. बाई विचारतात, ‘सात आठे किती?’ आणि मुलं 56 च्या गोलाकडे धाव घेतात. पलीकडे दुसऱ्या वर्गातली 26 मुलं ‘डोंगराला आग लागली, पळा पळा’ करत रिंगणात पळताहेत. सर ‘चार!’ म्हणून ओरडले की चार-चार जण एकमेकांना धरून गट करतात आणि दोघं उरतात. दोन्हीकडे दंगा तेवढाच आणि नावही एकच, हसत-खेळत शिक्षण. मुलांच्या डोक्यात मात्र दोन वेगळ्या गोष्टी घडत असतात.

फरक ओळखायचा असेल तर पळणं काढून टाका आणि काय उरतं ते पाहा. पहिल्या खेळात पाढा जसाच्या तसा उरतो, तो पाटीवरही विचारता आला असता. म्हणजे हा सराव आहे, त्याला पळणं जोडलं आहे. सराव हवाच, आणि बसून कंटाळलेली मुलं त्यात आनंदानं उतरतात. पण ज्याला पाढा येत नाही तो येणाऱ्याच्या मागे पळतो आणि बाईंना ते कळत नाही. म्हणून असा खेळ शिकवून झालेल्या भागावरच घ्यावा, आणि दोघा-दोघांना पाळीनं सोडावं. नवी संकल्पना त्यातून समजेल ही अपेक्षा चुकीची आहे.

दुसऱ्या खेळातून पळणं आणि गट करणं काढलं तर प्रश्नच उरत नाही, कारण तिथे भागाकार मुलंच करत असतात. 26 मुलं, चारांचे गट : सहा गट झाले, दोघं उरली. पाचांचे केले तर पाच गट आणि एक जण उरतो. बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असते, हे फळ्यावर कितीदा सांगितलं तरी विसरलं जातं. इथे ते डोळ्यांसमोर असतं : चारांचे गट करताना चार मुलं कधीच उरत नाहीत, ती लगेच आपला गट करून मोकळी होतात. उरलेल्यांना बाद करून बसवू नका, पुढचा आकडा त्यांना सांगू द्या. मग खरी मजा येते. ‘कोणता आकडा सांगितला तर कोणीच उरणार नाही?’ असं विचारलं की मुलं डोकं लावून 2 आणि 13 शोधून काढतात. उशिरा आलेली तीन मुलं मिसळली की होतात 29. आता 1 आणि 29 सोडून कोणताही आकडा सांगा, कोणीतरी उरणारच. मूळ संख्या ही पुढच्या इयत्तेतली व्याख्या त्यांना आधीच अंगावर भेटलेली असते. मला हा खेळ गणिताच्या कित्येक महागड्या साहित्यापेक्षा मोलाचा वाटतो.

विटीदांडूतही असंच आहे. विटी किती लांब गेली ते दांडूनं मोजतात. एका गटाचा दांडू आखूड निघाला की आकडे जुळत नाहीत आणि भांडण लागतं. मीटर का लागतो, हे त्या भांडणातच आहे.

खो-खोचं मैदान आखायचं काम तर मोठ्या मुलांकडेच द्यावं. 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद. कोपरा काटकोनात आला की नाही, हे 3, 4 आणि 5 मीटर बाजूंचा दोरीचा त्रिकोण करून तपासायचं आणि मग फक्की टाकायची. तेच मैदान 1 सेंटिमीटरला 2 मीटर या प्रमाणात वहीत काढलं तर 13.5 बाय 8 सेंटिमीटरचं येतं, आणि भूगोलातलं नकाशाप्रमाण वेगळं शिकवावं लागत नाही. डावाआधी आणि डावानंतर 15 सेकंद नाडी मोजून चारनं गुणली की विज्ञानाच्या तासासाठी स्वतःचे आकडे मिळतात.

भाषेतही हाच फरक लागू पडतो. नाम ऐकलं की उडी, क्रियापद ऐकलं की बैठक, हा सराव झाला. पण लगोरीचे नियम गल्लीगल्लीत बदलतात. ‘कधीच लगोरी न खेळलेल्याला खेळता येईल असे नियम लिहा,’ असं सांगितलं आणि ते लिहिलेले नियम वाचूनच दुसऱ्या गटाला खेळायला लावलं, तर कोणतं वाक्य अर्धवट राहिलंय ते मैदानावर लगेच कळतं. मुलं वही काढून स्वतःच दुरुस्ती करतात.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. डाव रंगात आला असताना शिट्टी मारून ‘आता सांगा, बाकी किती?’ असं विचारू नये. खेळ पुरा होऊ द्यावा. प्रश्न सावलीत बसल्यावर किंवा पुढच्या तासाला विचारावेत, तेही खेळात खरोखर घडलेल्या प्रसंगावरून. आणि मधल्या सुट्टीतला खेळ मुलांचाच राहू द्यावा, तिथे कोणताही विषय नेऊ नये.