विश्वामित्रीतील मगरी

बडोदे शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीत व तिच्या काठांवर मोकळेपणी राहणाऱ्या गोड्या पाण्यातील मगरींची वस्ती. या जातीचे शास्त्रीय नाव क्रोकोडायलस पॅलस्ट्रिस असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात तिचा समावेश आहे. जागतिक यादीत ती ‘असुरक्षित’ गटात मोडते. ऑगस्ट २०२४ च्या पुराच्या वेळी वनखात्याने नदीतील मगरींची संख्या ४४० च्या आसपास सांगितली होती. कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा पाहायला रांग लागते. बागेलगतच्या पुलावर थांबून हिवाळ्याच्या उन्हात पहुडलेली जिवंत मगर पाहणारे मात्र थोडेच असतात. बडोदेकरांना तिचे अप्रूप उरलेले नाही.

नदी व काठ

विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, पश्चिमेकडे वाहत बडोद्यात शिरते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंबातच्या आखाताकडे जाते. मही आणि नर्मदा या दोन मोठ्या नद्यांच्या मधली ही लहान नदी मूळची पावसाळी आहे. शहराच्या हद्दीत ती सुमारे २५ किमी वळणे घेत जाते, आणि तेथे तिला बारमाही पाणी मिळते ते मुख्यतः शहराच्या सांडपाण्यामुळे. ही गोष्ट कुणी अभिमानाने सांगत नाही, पण मगरींच्या दृष्टीने तिचे महत्त्व मोठे आहे. एप्रिल-मे महिन्यांत आसपासचे ओढे कोरडे पडतात तेव्हाही येथे डोह भरलेले असतात.

पाण्यापेक्षाही मगरीला लागतो तो काठ. बडोद्याचा परिसर गाळाच्या मातीचा असल्याने नदीचे पात्र खोल कोरलेले असून तिच्या दरडी मऊ व उभ्या आहेत. या दरडींत मगरी बिळे खोदतात. उन्हाळ्यात बाहेर अंगाची लाही होत असताना बिळात गारवा आणि ओल टिकते. कडाक्याच्या थंडीतही बीळच आसरा देते. मगर शीतरक्ताची असल्याने तिचा सारा दिनक्रम ऊन, सावली आणि पाणी यांच्यात जागा बदलण्यातच जातो. हिवाळ्यात सकाळी ती दरडीच्या उतारावर तोंड उघडे टाकून ऊन खाते. वरून पाहणाऱ्याला ते चिडल्याचे लक्षण वाटते, तसे ते नसते.

घरटे, अंडी आणि तापमान

खाऱ्या पाण्यातील मगर पालापाचोळ्याचा ढीग करून त्यात अंडी घालते. विश्वामित्रीतील मगर मात्र जमिनीत खड्डा करणारी आहे. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मादी पाण्याच्या रेषेच्या वर, उतारावरची मोकळी जागा निवडते, मागच्या पायांनी खड्डा उकरते, त्यात पंचवीस-तीस अंडी घालते आणि माती सारखी करून ठेवते. दोन महिन्यांच्या आसपास अंडी उबतात. पिल्ले अंड्यातूनच आवाज करू लागली की आई घरटे उकरते व पिल्लांना जबड्यात धरून पाण्यात नेऊन सोडते. वेळापत्रक असे बसले आहे की पिल्ले पाण्यात उतरतात ती पावसाच्या तोंडावर. पाऊस लवकर आला किंवा धरणातून आधीच पाणी सुटले, तर खालच्या उतारावरची घरटी बुडतात. अंड्यांवर मुंगूस, घोरपड आणि डुकरे टपलेली असतातच.

मगरींमध्ये लिंग ठरवणारी गुणसूत्रे नसतात. पिल्लू नर होणार की मादी, हे अंडे उबताना मातीचे तापमान किती होते यावर ठरते. या जातीबद्दलचे पायाभूत काम चेन्नईजवळच्या मगर संवर्धन केंद्रात झाले आणि जेफ्री लँग, हॅरी अँड्र्यूज व रोम्युलस व्हिटेकर यांनी ते १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. तापमान २८ ते ३१ अंश सेल्सिअस स्थिर ठेवले तर सर्व पिल्ले माद्या निघाली, ३२.५ अंशांना सर्व नर, ३१.५, ३२ आणि ३३ अंशांना दोन्ही, कमी-जास्त प्रमाणात. म्हणजे सारा खेळ एक-दीड अंशाचा आहे. घरट्याची खोली, मातीतील ओल, उतारावर झाडाची सावली पडते की दुपारचे ऊन, एवढ्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींनी पुढच्या पिढीतले नर-मादी प्रमाण बदलू शकते. हवामान तापते आहे म्हणजे नर वाढतील, असे सरळ गणित येथे चालत नाही, कारण ३२.५ अंशांच्या वर गेल्यावर माद्या पुन्हा दिसू लागतात आणि त्याहून जास्त तापले तर गर्भच दगावतात. काठावरच्या झाडोऱ्याचा विचार शोभेसाठी न करता अंड्यांच्या तापमानासाठी करायचा, हा मुद्दा नदीसुधाराच्या आराखड्यांत क्वचितच आढळतो.

उत्क्रांतीची बाजू

मगरीला ‘जिवंत जीवाश्म’ म्हणण्याची सवय शालेय पुस्तकांपासून लागते. ती अर्धवट खरी आहे. मगरकुळ प्राचीन आहे, पण आजच्या खऱ्या मगरींच्या जाती त्या मानाने अलीकडच्या आहेत. जेमी ओक्स यांच्या २०११ च्या जनुकीय अभ्यासानुसार क्रोकोडायलस या प्रजातीचा विस्तार गेल्या सुमारे एक-दीड कोटी वर्षांतला आहे. डायनासोर त्याच्या कितीतरी आधी संपले होते. २०१४ मध्ये मगरवर्गातील तीन प्राण्यांचे जनुकसंच वाचून झाले, तेव्हा त्यांच्यात जनुकीय बदल साठण्याचा वेग फार मंद असल्याचे दिसले. जाती तरुण आणि बदलाचा वेग मात्र मंद, असा हा जोड आहे.

बडोद्याच्या संदर्भात ही माहिती कामाची ठरते. शहरांत प्राण्यांची उत्क्रांती कशी होते हा सध्या जोरात असलेला अभ्यासविषय आहे. त्यात वारंवार दिले जाणारे उदाहरण प्वेर्तो रिकोच्या अनोलिस सरड्यांचे: शहरी सरड्यांचे पाय रानातल्या सरड्यांपेक्षा लांब आणि बोटांखालच्या चिकट पट्ट्या जास्त आढळल्या, भिंती आणि काचांवर चढायला सोयीच्या. पण तो सरडा वर्षभरात वयात येतो. मगरीची मादी वयात यायला सहा-सात वर्षे लागतात आणि नराला त्याहून जास्त. बडोदे आजच्या आकाराचे झाले त्याला मगरींच्या फार तर थोड्या पिढ्या उलटल्या आहेत. त्यामुळे विश्वामित्रीतील मगर माणसांच्या गजबजाटात शांत राहते, वर्दळीच्या वेळी पाण्यात बुडी मारून बसते आणि रात्री फिरते, याचे स्पष्टीकरण शिकण्यात शोधणे जास्त सयुक्तिक आहे. ‘शहरी मगरीची नवी जात तयार होते आहे’ अशा छापाच्या बातम्या वाचताना हे ध्यानात ठेवावे.

मगर शिकते याचा पुरावा आहे का? २०१३ मध्ये व्लादिमीर डिनेट्स व सहकाऱ्यांनी लिहिले की बगळ्यांच्या विणीच्या हंगामात मगरी नाकाडावर काड्या ठेवून पाण्यात निश्चल राहतात आणि घरट्यासाठी काडी उचलायला आलेला पक्षी पकडतात. सरपटणाऱ्या प्राण्यांत हत्यार वापरल्याचे हे पहिले उदाहरण म्हणून ते गाजले. अमेरिकन अ‍ॅलिगेटरांवर नंतर झालेल्या चाचणीत मात्र त्याला दुजोरा मिळाला नाही. वाद मिटलेला नाही.

आहार

मासे, कासवे, पाणपक्षी; शहरात त्यात भटकी कुत्री, डुकरे आणि नदीत टाकलेले मांसाचे अवशेष यांची भर पडते. मोठी मगर दीर्घकाळ उपाशी राहू शकते.

गणना

मोजणी हिवाळ्यात करतात. दिवसा ऊन खाणाऱ्या मगरी मोजतात आणि रात्री विजेरीच्या झोतात चमकणारे डोळे. मगरीच्या डोळ्याच्या मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे निखाऱ्यासारखे लालसर ठिपके पाण्यावर दिसतात. बिळात बसलेली मगर दोन्ही वेळा निसटते, म्हणून मोजणीचा आकडा हा किमान आकडा समजायचा असतो. विश्वामित्रीतील मगरींच्या स्थितीचा सविस्तर आढावा राजू व्यास यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. नदीवर बोलणाऱ्या कुणालाही तो टाळता येत नाही.

पूर आणि पकड

३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिमी पाऊस झाला आणि मगरी सोसायट्यांच्या गल्ल्यांत दिसल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये जन्माष्टमीच्या सुमारास, गणपती जेमतेम दहा-बारा दिवसांवर आले असताना, नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी बरीच मागे टाकली आणि तेच पुन्हा घडले. ‘मगरी शहरात घुसल्या’ असे मथळे तेव्हा येतात. प्रत्यक्षात पात्रात जोराचा प्रवाह असताना मगर संथ पाण्याकडे सरकते, आणि संथ पाणी त्या वेळी लोकांच्या अंगणात असते.

वनखाते आणि स्वयंसेवक मगर पकडतात त्याची रीत ठरलेली आहे. आधी गर्दी मागे हटवायची. मग दोराचा फास जबड्यात अडकवायचा, ओले पोते डोळ्यांवर टाकायचे. डोळे झाकले की मगर बरीच निवळते. जबडा मिटण्याची ताकद प्रचंड असली तरी उघडणारे स्नायू दुबळे असतात, त्यामुळे एकदा तोंड बांधले की दोर पुरतो. शेपटीचा फटका मात्र शेवटपर्यंत सांभाळावा लागतो. मग चार-पाच जणांनी उचलून टेंपोत, आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा नदीत.

‘लांब कुठेतरी नेऊन सोडा’ ही मागणी प्रत्येक पुरानंतर होते. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातील तीन मगरींना हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडले गेले आणि उपग्रहाच्या साह्याने त्यांचा माग ठेवला गेला. तिन्ही परतल्या, त्यांतली एक ४०० किमीहून जास्त पोहून. २००७ चा हा अभ्यास दुसऱ्या जातीवरचा आहे, पण स्थलांतराच्या भरवशावर शहराचे नियोजन करू नये इतके त्यावरून नक्की म्हणता येते. शिवाय एक मोठी मगर हलवली की तिची जागा दुसरी घेते.

माणसे

गुजरातेत खोडियार मातेचे वाहन मगर आहे. बडोद्याच्या वायव्येस चरोतर भागातील मलातज, देवा अशा गावांत तळ्यातल्या मगरी आणि त्याच तळ्यावर कपडे धुणाऱ्या बायका हे नेहमीचे दृश्य आहे. शहरात इतके मोकळे नाते नाही. हल्ले होतात, आणि ते बहुधा नदीत उतरलेल्या, मासे धरणाऱ्या किंवा काठावर वावरणाऱ्या माणसांवर. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी घरांत मात्र मगर हा पुराच्या गप्पांतला ठरलेला विषय आहे.

नदीसुधार

राष्ट्रीय हरित लवादाने २०२१ मध्ये विश्वामित्रीच्या पुनरुज्जीवनाबाबत आदेश दिला. २०२४ च्या पुरानंतर, २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी पात्रातील गाळ काढण्याचे आणि ते रुंद करण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले. अशी कामे उन्हाळ्यातच होऊ शकतात, कारण तेव्हाच यंत्रे पात्रात उतरतात. आणि अंडीही त्याच महिन्यांत जमिनीत असतात. उतार सारखा करून त्यावर दगड किंवा काँक्रीट बसवले, तर तिथे ना बीळ खोदता येते ना घरटे करता येते. मोठ्या मगरी दीर्घायुषी असल्याने हिवाळ्यातल्या मोजणीत पुढची कित्येक वर्षे आकडा भरलेला दिसेल. घट आधी दिसेल ती फूट-दीड फुटाच्या पिल्लांत. म्हणून मोजणी करताना लांबीचे गट वेगळे नोंदवतात, आणि वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या एकूण आकड्यापेक्षा हा तक्ता वाचणे अधिक उपयोगाचे असते.