खुराक, आंबील आणि दुधाचं बिल

कोल्हापूरचा जुना आहार कुणी आरोग्यासाठी म्हणून पाळत नव्हतं. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या डोंगरउतारावर नाचणा आणि भात पिकायचा, म्हणून तिकडं नाचण्याची भाकरी. पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानात शाळू, म्हणजे रब्बीचा जोंधळा (ज्वारी) यायचा, म्हणून तिकडं जोंधळ्याची. सोबत खर्डा, झुणका, एखादी पालेभाजी आणि ताक. गहू सणासुदीला, पुरणपोळीपुरता. आज पथ्य म्हणून जे कौतुकानं ताटात येतं, ते तेव्हा बहुतेकांचं नाइलाजाचं जेवण होतं. ‘पूर्वीचे लोक शहाणे होते’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

या नाइलाजाला वळण लावलं ते देवधर्मानं. श्रावणात मटण बंद, मग जत्रेला आणि पै-पाहुण्याला मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा करून भाविक परतले की शहरातल्या रेणुका मंदिरात आंबील यात्रा भरते. नैवेद्याला आंबील (पीठ ताकात शिजवून केलेलं पातळ पेय), भाकरी, मेथीची भाजी, वांगं, कांद्याची पात, गाजर. थंडीत रानात जे असतं तेच देवीपुढं जातं, आणि घरातले सगळे देवळाच्या आवारात बसून तेच जेवतात. ज्या घरात एरवी आंबिलीचं नाव निघत नाही तिथंही ती त्या दिवशी होते. देवीचं आहे म्हटल्यावर नाक मुरडायची सोय नसते. शिरोळ-हातकणंगल्यातल्या जैन शेतकरी घरांत दिवस मावळायच्या आत जेवण उरकायची रीत तर त्याहून कडक. हल्ली आहारतज्ज्ञ हाच सल्ला फी घेऊन देतात.

पण खास कोल्हापूरचं म्हणावं असं वळण लावलं तालमींनी. शाहू महाराजांनी 1894 साली कारभार हाती घेतला. 1902 च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोममधलं प्राचीन क्रीडागार पाहिलं, आणि 1912 साली कुस्तीचं खासबाग मैदान उभं राहिलं: मधोमध हौदा, म्हणजे मातीचा आखाडा, भोवती चढत जाणारी बैठक, शेवटच्या माणसालाही डाव दिसावा अशी. मैदानाइतकंच महत्त्वाचं म्हणजे पैलवानांना दरबारचा आश्रय मिळाला, म्हणजे राहण्याची आणि खुराकाची सोय झाली. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, मठ अशा तालमी नावारूपाला आल्या. पुढं 1959 ला श्रीपती खंचनाळे आणि 1960 ला गणपतराव आंदळकर हिंदकेसरी झाले, ते कोल्हापूरच्या मातीत तयार होऊनच.

तालमीतला दिवस पहाटे, अंधारातच सुरू होतो. जोर, बैठका, मग हौदा खणून माती मोकळी करायची. त्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेलं असतं. लढती संपल्या की थंडाई. रात्री भिजवलेले बदाम सोलून खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोड्यांबरोबर कुंडीत लाकडी दांडक्यानं घोटायचे. घोटणारा घामाघूम होतो, तोही व्यायामच. आणि हे काम बहुधा धाकट्या पोरांच्या वाट्याला येतं. त्यावर दूध, तूप, भाकरी, मटण. तंबाखूला हात लावायचा नाही, रात्री लवकर आडवं व्हायचं. दूध किती आणि का प्यायचं हे गावाकडून आलेल्या पोराला कळत नसे, पण वस्ताद विचारणार एवढं पक्कं कळत असे. शिवाय घरचे पोटाला चिमटा घेऊन खुराकाचे पैसे पाठवायचे. त्याचं ओझं वेगळंच.

तालमीची ही सवय पेठांमध्ये झिरपली. गंगावेशीत म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात मिळतो. गिऱ्हाईक पैलवानच असतं असं नाही. दुकान वाढवून घरी निघालेला व्यापारीही तिथं थांबतो. दिवाळीत गवळी आपल्या म्हशी सजवून मिरवतात, पळवतात. अंगापिंडानं भरलेलं असणं ही या शहरात प्रतिष्ठेची गोष्ट होती, आणि माझ्या मते प्रकृतीच्या काळजीपेक्षा या प्रतिष्ठेनंच लोकांना दूध पाजलं. घोळ नंतर झाला. पैलवानाचा खुराक शहरानं उचलला, मेहनत मात्र तालमीतच राहिली. 2019 च्या अखेरीस मटणाचे दर भडकले तेव्हा कोल्हापूरकरांनी कृती समिती काढून आंदोलन केलं. जोर-बैठका कमी झाल्या म्हणून कुणी समिती काढल्याचं ऐकिवात नाही.

1949 साली संस्थान विलीन झालं आणि दरबारचा आधार सुटला. तालमी टिकल्या, पण कित्येकींची ओळख पालटली. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही तालमींची नावं आज फुटबॉलच्या मैदानावर जास्त गाजतात.

गावाकडं बदल घडवला पाण्यानं आणि दुधानं. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी वसवून गुळाला बाजारपेठ दिली, पुढं भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं. पाणी आलं तसा ऊस आला, आणि उसानं जोंधळ्याचं रान खाल्लं. म्हणजे ज्यांनी खुराकाला बळ दिलं, त्यांच्याच कामातून भाकरीचं पीक मागं सरलं. यात दोष कुणाचा नाही. उसानं पोरं शिकली, घरं बांधून झाली.

दुधाचं गणित त्याहून बारीक आहे. जिल्हा दूध संघ, म्हणजे आपलं गोकुळ, 1963 साली स्थापन झाला. त्याआधी लांब विकता न येणारं दूध घरात विरजलं जायचं. लोणी निघायचं, ताक उरायचं, शेजाऱ्याला तांब्याभर फुकट जायचं. संघाची गाडी दारात यायला लागल्यावर सकाळ-संध्याकाळचं दूध डेअरीला आणि दर दहा दिवसांनी बिल हातात. संसाराला त्याचा मोठा आधार झाला, पण ताक आटलं. ताक नाही म्हटल्यावर आंबील कशात करायची? पाहुण्यापुढं चहा येऊ लागला. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागले. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य किलोला 1 रुपयानं द्यायची तरतूद होती, पण लोकांच्या पदरात पडले ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. त्यातून भाकरी गरिबाची आणि चपाती बरी परिस्थिती असलेल्याची, हा समज होताच. पोराच्या डब्यात भाकरी दिली तर पोरगं लाजायचं.

आता वारं फिरलंय. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, त्याच्या जाहिराती झाल्या. कणेरी मठावर सिमेंटच्या पुतळ्यांतून जुनं गाव उभं केलंय, तिथं लोक पोराबाळांना घेऊन जातात. पण जाहिरातीनं ताट बदलल्याचं मला फारसं दिसत नाही. बदल होतो तो साखरेचा रिपोर्ट हातात पडल्यावर, किंवा रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांच्या कंपूत एकानं नाचणा सुरू केला की बाकीचे मागं नको राहायला म्हणून. आणि हॉटेलात नाचण्याची भाकरी चपातीपेक्षा महाग झाल्यापासून ती मागवायला कुणाला लाज वाटत नाही.

सल्ला बहुधा पुरुषांना मिळतो आणि भाकरी बाईला थापावी लागते. नाचण्याचं पीठ उकड काढल्याशिवाय नीट वळत नाही, परातीत तळहातानं मळून लगेच तव्यावर टाकावं लागतं, गार झालं की भाकरी कडेनं चिरते. नोकरीवरून सातला घरी आलेल्या सुनेनं हे रोज करावं, ही अपेक्षा धरणारे स्वतः परातीला हात लावत नाहीत. म्हणून शहरात पोळी-भाजी केंद्रं आणि बचत गटांच्या बायका हे काम करतायत. जोंधळ्याची भाकरी तयार मिळते. नाचण्याची हवी असेल तर सकाळीच सांगून ठेवावं लागतं.