पार्श्वभूमी : गोठ्यातला गोचीडताप माणसात कधी दिसला?

लघवी लाल झाली, जनावराने वैरण सोडली, की काय झालंय ते पशुपालकाला कळतं. घोटाळा ‘गोचीडताप’ या शब्दातच आहे. गायीगुरांच्या रक्तातला थायलेरिया हा परजीवी ‘गोचीडताप’ म्हणूनच ओळखला जातो, बबेसिया हा दुसरा रक्तातला परजीवीही त्यातच खपतो आणि बातम्यांमध्ये विषाणूमुळे होणारा काँगो तापही त्याच दावणीला बांधला जातो. गुरांतला थायलेरिया माणसाला होत नाही, बबेसिया मात्र होतो. एका नावामुळे गोठ्यात भलतीच भीती तरी पसरते, नाहीतर भलताच निर्धास्तपणा.

गुरांच्या तांबड्या पेशींत बबेसिया १८८८ मध्ये रोमानियात दिसला आणि तो गोचिडीमार्फत पसरतो हे अमेरिकेत १८९३ मध्ये सिद्ध झालं, म्हणजे मलेरियाचा डास सापडण्याच्याही आधी. पुढची साठेक वर्षं तो जनावरांचाच रोग समजला गेला.

१९५७ मध्ये माणसातली पहिली नोंद झाली. झाग्रेबजवळचा, म्हणजे तेव्हाच्या युगोस्लाव्हियातला, गुरं राखणारा तरुण शेतकरी. त्याची प्लीहा, म्हणजे रक्त गाळणारी पानथरी, आधीच काढलेली होती. तो दगावला. परजीवीचं नाव नोंदलं गेलं ‘बबेसिया बोव्हिस’, ही गुरांतल्या बबेसियाची एक जात, आणि वाद इथेच आहे. तेव्हा ओळख पटवायची ती सूक्ष्मदर्शकाखाली, रक्ताच्या काचपट्टीवरून. हा परजीवी बहुधा गुरांतलीच दुसरी जात, ‘बबेसिया डायव्हर्जन्स’ असावा, असं नंतर अनेकांनी म्हटलं. गोचिडीची चाल पाहिली तर हेच जास्त पटतं. बोव्हिस पसरवणारी गोचीड अळीपासून प्रौढ होईपर्यंत एकाच जनावरावर राहते, माणसाकडे सहसा वळत नाही. डायव्हर्जन्स पसरवणारी प्रत्येक अवस्थेत खाली उतरते, गवतावर चढून नवा यजमान शोधते. त्या गवतात गुराख्याचे पायही असतात. तरीही जुनं नाव कित्येक पुस्तकांतून तसंच पुढे आलं.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या नँटकेट बेटावर प्लीहा शाबूत असलेल्या माणसाला बाधा झाली, तीही गुरांतल्या नव्हे, उंदरांतल्या ‘बबेसिया मायक्रोटी’ची. तिथून सगळं लक्ष तिकडे वळलं. २०११ पासून अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर रुग्णांची नोंद होऊ लागली, २०१९ मध्ये बाधित राज्यांत रक्तदात्यांच्या चाचणीची शिफारस आली. हे गरजेचंच होतं. पण चर्चा रक्तपेढीभोवती फिरत राहिली आणि गोठा मागे पडला. दरम्यान २००३ मध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीतल्या रुग्णांत आणखी एक, हरणांशी नातं सांगणारी बबेसियाची जात सापडली.

काचपट्टीवर बबेसियाचा कडीसारखा आकार आजही मलेरियासारखाच दिसतो; एक फरक असा, की मलेरियाच्या परजीवीत दिसणारं तपकिरी रंगद्रव्य बबेसियात नसतं. आणि युरोपात डायव्हर्जन्सचे जे मोजके रुग्ण सापडतात, त्यांतले बहुतेक प्लीहा काढलेले असतात, त्या १९५७ च्या शेतकऱ्यासारखेच.