ती म्हैस नव्हतीच

गेल्या दिवाळीत नेरूळला आतेभावाकडे गेलो होतो, फराळ झाला, चहा झाला आणि कसा कोण जाणे विषय निघाला ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या त्या कॉम्प्युटर क्लासचा. १९९१ ची गोष्ट. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, चपला बाहेर काढून आत जायचं, कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून, आणि एका मशीनवर आम्ही तिघं. शनिवारी शेवटची पंधरा मिनिटं सर गेम लावून द्यायचे, आम्ही फी भरायला घरच्यांच्या मागे लागलो होतो ते बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला वगैरे नाही, या पंधरा मिनिटांसाठीच.

मी म्हटलं, दादा, तो विमानाचा गेम आठवतो का रे, खाली म्हैस उभी असायची आणि तिला मारलं की मार्क कापले जायचे?

"तो सोपा ना? आठवतो की."

"सोपा कुठला, दोन मिनिटांत विमान खाली यायचं आपलं."

"अरे सोपा होता म्हणत नाहीये, नावच सोपा होतं त्याचं."

यावर आमचं जे काही वाजलं ते वहिनींनी थांबवलं. पण ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला परत येताना माझ्या डोक्यात तेच चालू. घरी येऊन वहीत लिहून काढलं की मला नक्की काय काय आठवतंय. काळ्या स्क्रीनवर सगळं नारिंगी. विमान बाजूने दिसणारं, वरून नाही. खाली डोंगर, इमारती आणि म्हैस. आपलं विमान कुठलं आणि शत्रूचं कुठलं हेच धड कळायचं नाही. बाणांच्या बटणांनी चालवायचो. आणि गेम लावायच्या आधी सर काहीतरी मंत्र टाईप करायचे, आम्ही त्याला सिमसिम म्हणायचो, सिमसिम केल्याशिवाय गेम उघडायचाच नाही.

आता एवढ्या मालावर शोधायचं. नारिंगी गेम, विमान, म्हैस असं सर्च करून बघा काय मिळतं ते. काही नाही मिळत, कारण या यादीतल्या निम्म्या गोष्टी गेमच्या नव्हत्याच. काही त्या मशीनच्या होत्या, काही आमच्या होत्या, आणि कुठली कुणाची ते वेगळं करणं हेच खरं काम होतं.

आधी म्हशीचं बघू. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली आपले स्मृतीवरचे प्रयोग छापले, त्यात त्याने इंग्रज विद्यार्थ्यांना अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर, कधी थोड्या वेळाने तर कधी महिन्यांनी, ती आठवून लिहायला सांगितली. पोरांनी लिहिली, पण गोष्टीतला कनू, म्हणजे वल्ह्यांची निमुळती होडी, त्यांच्या कागदावर नुसती बोट झाला आणि सीलची शिकार करायला निघालेली माणसं मासे पकडायला निघाली. कुणी मुद्दाम थापा मारत नव्हतं. आठवण म्हणजे कपाटातून काढलेली कॅसेट नाही, ती दर वेळी नव्याने फोडणी घालून वाढली जाते आणि फोडणीला घरातलाच मसाला वापरला जातो. मग ठाण्याच्या पोराला, ज्याच्या घरी रोज सकाळी तबेल्यातून दूध यायचं, त्याला काळ्या पडद्यावर चार पायांचं शिंगवालं ठिपक्यांचं जनावर दिसलं तर ते दुसरं काय होणार! तेव्हा यादीत म्हशीच्या जागी लिहिलं, "शिंगांचं जनावर".

बटणांच्या बाबतीत तर मी साफ तोंडावर पडलो. डोकं सांगत होतं बाण. पण डोळे मिटून कीबोर्डवर हात ठेवले, समोर विमान उडतंय असं मनात आणलं, तर उजवा हात बाणांकडे गेलाच नाही, तो गेला कॉमा, टिंब आणि स्लॅश या तीन बटणांवर आणि डावा हात एक्सवर. मी स्वतःच चमकलो. नंतर आठवलं की एक्सटी या जुन्या कॉम्प्युटरच्या ८३ बटणांच्या कीबोर्डवर बाणांची वेगळी बटणं नव्हतीच, ती नंबरपॅडवरच छापलेली असायची.

हाताची आठवण आणि डोक्याची आठवण हे खरंच दोन वेगळे विभाग आहेत. हेन्री मोलेसन नावाच्या माणसाच्या मेंदूवर १९५३ साली फिट्स थांबवायला ऑपरेशन झालं, हिप्पोकॅम्पस या आठवणींशी संबंधित भागाचा दोन्ही बाजूंचा मोठा तुकडा काढला, त्यानंतर त्याला नवीन घडलेलं काही लक्षातच राहीना. ब्रेंडा मिल्नर या शास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली, हे वाटतं तितकं सोपं नाही, करून बघा, पेन्सिल भलतीकडेच जाते. मोलेसनला आपण हे आधी केलंय हे अजिबात आठवायचं नाही, पण दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. बाईंनी हे १९६२ मध्ये मांडलं. डोकं कोरं आणि हात तयार, असं होऊ शकतं. माझं डोकं तर कोरंही नव्हतं, त्याने मोकळ्या जागेत खुशाल नंतरच्या गेमचे बाण भरून टाकले होते, पण हाताने तसली कारागिरी केली नव्हती.

मग हाताचं ऐकून शोधलं. डॉस (त्या मशीनवरची विंडोजच्या आधीची सिस्टिम), विमान, कॉमा, स्लॅश. आणि मिळालं की हो.

सॉपविथ. इंग्रजीत स्पेलिंग बघितलं आणि हसायलाच आलं, कारण क्लासात कुणीतरी ते सोपविथ असं वाचलं असणार आणि पुढे त्याचं झालं सोपा! दादा बरोबर होता, म्हणजे साधारण अर्धा बरोबर होता. ब्राउन आणि मॅकनील या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली हेच तपासलं होतं, शब्द अगदी जिभेवर आहे पण येत नाही अशा अवस्थेत लोकांना पकडलं आणि विचारलं, तर शब्द येत नसतानाही पहिलं अक्षर कुठलं, उच्चारताना त्याचे तुकडे किती, याचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर यायचा. नाव पूर्ण पुसलं जात नाही, त्याची टोकं राहतात. मी मात्र त्या टोकाला विशेषण समजून बसलो होतो.

गेमची स्वतःची गोष्टही मजेशीर आहे. कॅनडातल्या बीएमबी कॉम्प्युसायन्स कंपनीत डेव्हिड क्लार्कने तो १९८४ मध्ये लिहिला, आणि लिहिला कशाला, तर इमॅजिनेट नावाची त्यांची कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची सिस्टिम लोकांना दाखवायला. म्हणजे चार जणांनी चार मशीनवर एकमेकांची विमानं पाडावीत हा मूळ हेतू. ती सिस्टिम फार कुणी घेतली नाही, गेम मात्र फ्लॉपीवरून फ्लॉपीवर कॉपी होत जगभर पसरला, असाच कुणाच्या तरी खिशातून नौपाड्यातही आला. नाव पहिल्या महायुद्धातली विमानं बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीवरून घेतलेलं. आणि १९८५ च्या दुसऱ्या आवृत्तीत भर पडली पक्ष्यांची आणि बैलांची. बैल! बैल मारला की २०० गुण वजा. म्हणजे आमच्याकडे दुसरी आवृत्ती होती हेही त्या बैलाने सांगितलं.

एवढं सगळं जुळलं. तर मी तो गेम लावून बघितला, हल्ली यासाठी जुनं मशीन लागत नाही, डॉसबॉक्ससारखा एम्युलेटर जुन्या प्रोसेसरची एकेक सूचना वाचून तो जे करायचा तेच आपल्या लॅपटॉपला करायला लावतो आणि बिचाऱ्या गेमला कळतही नाही की आपण १९८५ मध्ये नाही. इंटरनेट अर्काइव्हने तर २०१५ च्या सुरुवातीला दोन हजारांवर डॉस गेम थेट ब्राउझरमध्येच चालतील असे ठेवले. तर लावला आणि... काहीच नाही. छाती धडधडली नाही, अरे हाच तो असं झालं नाही. आकाशी निळ्या आणि जांभळट गुलाबी रंगात एक लहानसं विमान उडत होतं, छान होतं, पण माझं नव्हतं.

इथे मला सिमसिमची आठवण आली, आणि या सगळ्या प्रकरणातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच आहे.

त्या काळी रंगीत चित्रासाठी आयबीएमचं सीजीए कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा मशीनमधला भाग, लागायचं. ३२० बाय २०० ठिपके, म्हणजे ६४,००० ठिपके, आणि एका वेळी चार रंग. बिट म्हणजे एक ० किंवा १, चार रंग सांगायला असे दोन बिट पुरतात, म्हणून एका स्क्रीनला लागायचे १,२८,००० बिट, म्हणजे आठ बिटांचा एक बाईट या हिशेबाने १६,००० बाईट. पण रंगीत मॉनिटर महाग, त्यामुळे आपल्याकडे क्लासात, ऑफिसात बहुतेक ठिकाणी एकरंगी मॉनिटर आणि हर्क्युलिस जातीचं कार्ड. (हे कार्ड १९८२ मध्ये व्हान सुवन्नुकुल याने बनवलं, त्याला आपला पीएचडीचा प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता आणि सीजीएच्या जाड ठिपक्यांत वरच्या-खालच्या मात्रा मावेनात. देवनागरीवाल्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको.) हर्क्युलिसमध्ये एका ठिपक्याला एकच बिट, दिवा चालू किंवा बंद, रंगबिंग काही नाही. त्यावर सीजीएचा गेम चालायचा कसा? तर आधी एक छोटा प्रोग्रॅम चालवायचा, त्याचं नाव सिमसीजीए.

सिमसीजीए. सिमसिम!

त्याची करामत अशी की दोन्ही कार्डांवर पडदा रंगवणारी चिप एकाच जातीची, मोटोरोलाची ६८४५, आणि हर्क्युलिसच्या मेमरीचा दुसरा अर्धा भाग नेमका त्याच पत्त्यावर सुरू होतो जिथे सीजीएची मेमरी असते. गेम आपला नेहमीच्या पत्त्यावर चित्र टाकत राहतो, आणि सिमसीजीएने त्या चिपला आधीच पढवून ठेवलेलं असतं की बाई, आता तिथलं दाखव. पण दाखवताना तेच १,२८,००० बिट आता ६४० बाय २०० असे, एकेक बिट म्हणजे एकेक ठिपका असे पडद्यावर येतात. सीजीएचा एक रंगीत ठिपका फुटून शेजारी शेजारी दोन होतात. काळा असेल तर दोन्ही बंद, पांढरा असेल तर दोन्ही चालू. निळा म्हणजे ०१, डावा बंद उजवा चालू. गुलाबी म्हणजे १०, डावा चालू उजवा बंद.

आता हे हातभर अंतरावरून बघा. निळा आणि गुलाबी, दोन्हीत दोनातला एकच ठिपका पेटलेला, दोन्ही सारखेच अर्धवट नारिंगी, उभ्या रेघारेघांचे. आणि सॉपविथमध्ये आपलं विमान निळं आणि शत्रूचं गुलाबी!

म्हणजे आपलं विमान कुठलं ते कळायचंच नाही ही तक्रार शंभर टक्के खरी होती, आमचा वेंधळेपणा नव्हता तो. मी इतकी वर्षं समजत होतो की आम्हालाच गेम नीट जमत नव्हता. नाहीच जमणार, कॅनडात बसलेल्या माणसाने दोन रंग दिले होते आणि नौपाड्यात पोचेपर्यंत त्यांचा एक झाला होता.

खात्री करायला गेमच्या स्क्रीनचा एक फोटो घेतला, दहा-बारा ओळींचा पायथन प्रोग्रॅम लिहिला, प्रत्येक ठिपका फोडून दोन केले आणि पेटलेल्यांना नारिंगी रंग दिला. चित्र उघडलं आणि मग मात्र ते झालं, पोटात काहीतरी हललं, त्या एसी खोलीचा वाससुद्धा आल्यासारखं वाटलं. ज्या अवस्थेत शिकलो तशाच अवस्थेत परत गेलं की आठवण चांगली येते असं म्हणतात, १९७५ मध्ये गॉडन आणि बॅडली यांनी पाण्याखाली बुडी मारणाऱ्या डायव्हर लोकांवर केलेला प्रयोग त्यासाठी नेहमी सांगितला जातो, पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले. पण हेही सांगितलं पाहिजे की २०२१ मध्ये तोच प्रयोग परत करून बघितला तेव्हा तसा फरक दिसला नाही, त्यामुळे वासाबद्दल मी फार छाती ठोकून बोलणार नाही.

दादाकडे माळ्यावर तेव्हाची एक सव्वापाच इंची फ्लॉपीही निघाली, ३६० केबीवाली, पण तिला पांढरी बुरशी आलीय. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घालू नये, बुरशी ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला लागते आणि घासून उरलासुरला चुंबकीय थरही जातो. ती तूर्त कागदात गुंडाळून ठेवलीय.

पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन नेरूळला गेलो. दादाला काही न सांगता गेम लावून समोर ठेवला, आधी त्याची बोटं बाणांवर गेली, विमान हललं नाही, मग एकदम कॉमावर. पुतणी खुर्चीच्या मागे येऊन उभी. मी त्याला सगळं समजावलं, सॉपविथ, सिमसीजीए, निळं-गुलाबी, १९८५, बैल. तो हं हं करत ऐकत होता आणि विमान खाली खाली आणत होता, बी दाबलं, बॉम्ब बरोबर जनावरावर पडला आणि वरचा आकडा धाडकन खाली आला.

"बघितलंस," तो पुतणीला म्हणाला, "म्हैस मेली की मार्क जातात."