ब्रेक डिस्क बदलण्याआधी उष्णतेचा हिशेब

सोलापूर-पुणे महामार्गावर ताशी 100 किलोमीटरने धावणारी दीड टनाची गाडी पूर्ण थांबवायची, तर साधारण 5 लाख 80 हजार ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या ऊर्जेत दोन लिटर पाण्याला उकळी येईल. ही उष्णता चार-पाच सेकंदांत ब्रेकमध्ये शिरते आणि तिचा सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा पुढच्या दोन चाकांवर येतो. पुढच्या दोन्ही डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि पॅड दाबून आवरल्या जाणाऱ्या चकत्या, मिळून 16 किलोच्या धरल्या, तर एका ब्रेकमध्ये त्या 50 ते 55 अंशांनी तापतात. वेग 140 असेल तर ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते आणि तापमान एका दमात शंभर अंशांनी चढतं, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. डिस्क गार व्हायच्या आत असे आठ-दहा ब्रेक लागोपाठ मारले, की खरा प्रश्न सुरू होतो. मोठी डिस्क त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

मोठी डिस्क बसवली की गाडी कमी अंतरात थांबते, असं गॅरेजमध्ये सर्रास सांगतात. ते खरं नाही. गाडीला शेवटी रस्ता धरून ठेवतो तो टायर. चांगला टायर आणि कोरडा डांबरी रस्ता असेल, तर 100 च्या वेगावरून थांबायला साधारण 44 मीटर लागतात आणि या गणितात डिस्कचा व्यास येतच नाही. मूळ ब्रेकवरच एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, खडखडत असेल, तर टायर त्याच्या मर्यादेला पोचलेला आहे. उसाच्या हंगामात दिव्याविना चाललेली ट्रॉली अचानक समोर आली, तर त्या एका ब्रेकला उपयोगी पडेल तो नवा टायर. खिशात पैसे मोजकेच असतील, तर ते आधी तिथे घालावेत.

त्याआधी दोष नेमका कुठे आहे हे पायाला कळतं. ब्रेक मारत राहिल्यावर पेडल टणक लागतंय पण गाडी आवरत नाही, म्हणजे पॅड तापून त्याचं घर्षण घटलंय. पेडल मऊ पडून खाली बसतंय, म्हणजे ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो. डॉट 4 प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान 230 अंश असतो. हवेतला ओलावा शोषून त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की तो 155 पर्यंत उतरू शकतो. डॉट 5.1 साठी हेच आकडे 260 आणि 180 आहेत. हे दोन्ही प्रकार एकाच कुळातले आहेत. नाव सारखं वाटलं तरी डॉट 5 मात्र सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात कधीच मिसळू नये. ऑइल दोन वर्षांनी बदलावं. अनेक गाड्यांची 'डिस्क अपग्रेडची गरज' तेवढ्यावरच मिटते.

सोलापूरच्या 43 अंशांच्या उन्हाला इथे फार दोष देता येत नाही. 400 अंशांवर तापलेल्या डिस्कला बाहेरची हवा 25 अंशांची आहे की 43 ची, याने थोडाच फरक पडतो. उतार मात्र भारी पडतो. तुळजापूरचा घाट उतरताना दर 100 मीटर उंचीमागे याच गाडीची 14 लाख 70 हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते, म्हणजे 100 च्या वेगावरून अडीच वेळा थांबण्याइतकी. खालच्या गिअरमध्ये उतरलं तर त्यातला मोठा वाटा इंजिन घेतं.

आता धातूकडे वळू. डिस्क बहुधा बिडाची, म्हणजे ग्रे कास्ट आयर्नची असते. भाकरीला जाड तवा का लागतो हे प्रत्येक घराला ठाऊक आहे: तो सावकाश तापतो आणि भाकरी टाकली तरी एकदम गार पडत नाही. डिस्कचं वजन हेच काम करतं. बीड हळूहळू थिजलं की त्यातला कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात सुटतो. हे पापुद्रे उष्णता वाहून नेतात आणि कंपनंही मारतात. सोलापुरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्सच्या कारखान्यात ज्या चिल्ड कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) ओतल्या जातात, त्यांचं तंत्र नेमकं उलटं आहे. लोबपाशी, म्हणजे दांड्यावरच्या उंचवट्यापाशी, साच्यात धातूचे तुकडे ठेवून तिथलं बीड झटकन थिजवतात, मग ग्राफाइटला सुटायला वेळ मिळत नाही आणि अतिशय कठीण सिमेंटाइट, म्हणजे लोखंड-कार्बनचं संयुग, तयार होतं. कॅमला तो कठीणपणा हवाच असतो. डिस्कवर तेच सिमेंटाइट म्हणजे रोग. पॅडचा थर एखाद्या जागी जाड बसला, ती जागा जास्त तापली आणि 650-700 अंशांच्या पुढे गेली, की तिथे कठीण डाग पडतात. लेथवर डिस्क साफ केली तरी डाग खोल गेलेला असतो. आजूबाजूचं बीड झिजतं, डाग वर उरतो आणि काही दिवसांत स्टिअरिंग पुन्हा थरथरायला लागतं. 'डिस्क वाकली' म्हणतात ती बऱ्याचदा वाकलेली नसते, तिची जाडी जागोजागी कमी-जास्त झालेली असते. दोन शतांश मिलिमीटरचा फरकही हाताला जाणवू शकतो.

डिस्क निवडताना दिसण्यावर जाऊ नये. आरपार भोकं पाडलेली डिस्क देखणी असते, पण सततच्या जोरदार ब्रेकिंगमध्ये तडे भोकांपासूनच सुरू होतात. खाचांची डिस्क पॅडचा चकाकलेला थर खरवडते आणि जास्त टिकते, मात्र थोडा आवाज करते. ट्रॅकसाठी दोन तुकड्यांची डिस्क उत्तम: मधली टोपी अ‍ॅल्युमिनियमची, कडं बिडाचं, त्यामुळे कडं तापून फुगलं तरी त्याला पसरायला मोकळीक मिळते. डिस्कच्या दोन थरांमधले हवा खेळवणारे पंखे वाकडे असतील तर डावी-उजवी डिस्क वेगळी असते. गाडी पुढे जाताना पंख्यांची बाहेरची टोकं मागे झुकलेली हवीत. दिशा खाचांवरून ठरवणं ही नेहमीची चूक आहे. कार्बन-सिरॅमिक डिस्क वजनाने बिडाच्या जवळपास निम्मी, पण तिची किंमत आपल्याकडच्या वापरात क्वचितच वसूल होते.

व्यास 280 वरून 330 मिमी केला तर तेवढ्याच दाबाला सुमारे वीस टक्के जास्त टॉर्क (चाक आवरणारा पीळ) मिळतो, पण 330 मिमीची डिस्क आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) मावायला साधारण 17 इंची रिम लागतं. कॅलिपर आणि रिममध्ये किमान 3 मिमी मोकळी जागा हवी. चार पिस्टनचा कॅलिपर घेताना एका बाजूच्याच पिस्टनांचं क्षेत्रफळ मोजावं. मूळ सरकत्या कॅलिपरला 57 मिमीचा एक पिस्टन असेल, तर 40 मिमीचे दोन त्याच्या तोडीचे ठरतात. क्षेत्रफळ फार वाढलं तर पेडल लांब जातं आणि पुढची चाकं मागच्यांपेक्षा खूप आधी लॉक होऊ पाहतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेतल्या बदलांवर बंधनं घालतं, म्हणून असा बदल करण्याआधी आरटीओत विचारावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं.

निम्मं यश बसवण्यात असतं. गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्यावी. कॅलिपर खोलल्यावर तारेने स्प्रिंगला टांगावा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नये. मग हबचा, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाचा, चेहरा, ज्याची सगळ्यात जास्त हेळसांड होते. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ गंजात मिसळून तिथे पापडीसारखी बसते. हबच्या कडेला 0.05 मिमीचा कण राहिला, तर 300 मिमीच्या डिस्कच्या कडेला दुप्पट, म्हणजे 0.1 मिमीचा हेलकावा येतो. तारेच्या ब्रशने चेहरा चकचकीत करावा आणि नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसून काढावं. डिस्क नटांनी आवळून, कडेपासून 10 मिमी आत डायल गेज (बारीक हेलकावा मोजणारं साधन) लावून एक फेरा फिरवावा. 0.05 मिमीच्या आत असेल तर छान, जास्त आलं तर डिस्क हबवरच्या एका स्टडने (बोल्टने) पुढे सरकवून पुन्हा मोजावी. चाकाचे नट एअर गनने न ठोकता समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याइतकेच आवळावेत. आणि गाडी हलवण्याआधी पेडल टणक होईपर्यंत पंप करावं. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिल्या एक-दोन दाबांना ब्रेक लागतच नाही.

नव्या डिस्कवर पॅडचा पातळ, एकसारखा थर बसवावा लागतो. पहाटे, रस्ता रिकामा आणि आरशात मागे कोणी नाही हे पाहून, 50 वरून 10 पर्यंत हलक्या पायाने दहा वेळा, मग 80 वरून 20 पर्यंत जरा जोर देऊन आठ-दहा वेळा. मधे पूर्ण थांबू नये. शेवटी दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी फिरवावी. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलं, की पॅडचा ठसा तिथेच उमटतो आणि थरथर सुरू. घाट उतरून आल्या आल्या चाकांवर गार पाण्याचा फवारा मारणंही तितकंच वाईट: तापलेलं बीड एकाच बाजूने आखडतं आणि तडकू शकतं.

कोईमतूरच्या करी स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक डे करायचा असेल, तर डिस्कच्या कडेला तापमानदर्शक रंगाचे तीन पट्टे ओढावेत. हिरवा 430 अंशांना, केशरी 560 ला आणि लाल 610 ला बदलतो. लालही बदलला असेल तर ब्रेकला गार हवा पोचवणारी नळी तरी वाढवावी लागेल किंवा जड डिस्क तरी घ्यावी लागेल. परत आल्यावर टॉर्चने पृष्ठभाग पाहावा. केसासारख्या बारीक रेषा चालतात. तडा नखाला लागतोय, बाहेरच्या कडेपर्यंत पोचलाय किंवा दोन भोकं जोडतोय, तर ती डिस्क भंगारात द्यावी. जाडी मायक्रोमीटरने मोजून डिस्कवर कोरलेल्या 'मिन टीएच' या आकड्याशी ताडावी. त्याच्या खाली गेली असेल, तर ती लेथवर चढवायचीही नाही.