सेवा मिळो न मिळो, सेवा शुल्क लागूच: वादाची पार्श्वभूमी

टेबलावर बसून वीस मिनिटं झाली तरी ऑर्डर घ्यायला कोणी फिरकत नाही. रोट्या गार येतात, सांगितलेलं सूप शेवटपर्यंत येतच नाही, आणि बिलात मात्र दहा टक्के सेवा शुल्क लावलेलं असतं. काढा म्हटलं की कॅप्टन मेन्यूकार्डाच्या शेवटच्या पानावरची बारीक अक्षरातली ओळ दाखवतो. मुंबई-पुण्यातल्या मध्यम आणि वरच्या दर्जाच्या हॉटेलांत गेली दहा-बारा वर्षं हे वाद होत आले आहेत. भाजी खारट झाली तर ती परत पाठवता येते. सेवा वाईट निघाली तर तिचे पैसे परत मागायचे कसे, याचं उत्तर मात्र आपल्याकडे बराच काळ कुणी स्पष्ट दिलं नाही. निदान सक्तीच्या सेवा शुल्कापुरतं ते 28 मार्च 2025 रोजी दिल्लीतल्या उच्च न्यायालयाने दिलं: ते कायद्याला धरून नाही. तिथवर प्रकरण कसं पोहोचलं, त्याची ही मांडणी.

जुन्या उडुपी हॉटेलांत किंवा इराण्याकडे सेवा शुल्क हा प्रकार नव्हता. मालक स्वतः गल्ल्यावर बसलेला असे. पोऱ्याने ग्लासात बोटं बुडवून पाणी आणलं, तर जाता जाता गल्ल्यावर सांगायचं आणि मोकळं व्हायचं. टिप म्हणजे बडीशेपेच्या बशीत सोडलेली सुटी नाणी. सेवा गोड नसे, पुष्कळदा तुसडीच असे, पण तिचा वेगळा आकार कुणी लावत नसे. बिलात ठरावीक टक्के धरण्याची रीत तारांकित हॉटेलांतली. तिथे कामगार संघटना होत्या आणि जमलेल्या रकमेचं वाटप मालकांशी झालेल्या करारांत ठरलेलं असे. ही रीत तिथून बाहेर आली ती वाटपाचे नियम मागे ठेवून, आणि पुढच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ त्यातच आहे.

हॉटेलात आपण जे घेतो तो माल की सेवा, हा प्रश्न कायद्यात मात्र जुना आहे. हॉटेलात वाढलेलं जेवण ही मालाची विक्री नव्हे, ती सेवा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये म्हटलं. त्यामुळे राज्यांना हॉटेलच्या जेवणावर विक्रीकर लावता येईना. मग 1982 मध्ये 46वी घटनादुरुस्ती झाली आणि असं जेवण करापुरतं विक्री मानलं जाऊ लागलं. 1978 च्या त्या खटल्यात हॉटेलमालकांचं म्हणणं काय होतं, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे: ग्राहक नुसत्या पदार्थाचे पैसे देत नाही, टेबल, वाढपी, वातावरण या सगळ्याचे देतो. म्हणजे सेवेची किंमत पदार्थाच्या दरातच धरलेली आहे. हे म्हणणं त्यांच्याच बाजूने पुढे पुन्हा एकदा मांडलं गेलं. त्याकडे येऊच.

ग्राहक संरक्षण कायदा 1986 चा. त्याने 'सेवेतील त्रुटी' ही तक्रारीची जागा करून दिली. पण दोन हजारांच्या जेवणासाठी ग्राहक मंचाच्या पायऱ्या कोण झिजवणार? अळी निघाली, विषबाधा झाली, तर लोक जात. वेटरने तासभर ताटकळत ठेवलं म्हणून सहसा कुणी जात नसे.

खरा गोंधळ 1 मे 2011 पासून सुरू झाला. त्या दिवसापासून एसी आणि मद्यपरवाना अशा दोन्ही गोष्टी असलेल्या हॉटेलांच्या बिलात केंद्राचा सेवा कर आला. तो पूर्ण बिलावर नव्हता. सुरुवातीला बिलाचा 30 टक्के भाग सेवा धरला जाई, पुढे 2012 पासून 40 टक्के. एप्रिल 2013 मध्ये मद्यपरवान्याची अट गेली आणि एसी असलेलं जवळजवळ प्रत्येक हॉटेल त्यात आलं. 2015 मध्ये कराचा दर 14 टक्के झाला, म्हणजे ग्राहकाला बिलाच्या 5.6 टक्के भरावे लागत. त्यात पुढे स्वच्छ भारत आणि कृषी कल्याण हे दोन उपकर येऊन तो आकडा 6 वर गेला. शिवाय राज्याचा व्हॅट वेगळा.

त्या वर्षांतलं एखादं बिल डोळ्यांपुढे आणा. पदार्थांच्या बेरजेखाली एस.सी. (सेवा शुल्क) 10 टक्के, त्याखाली एस.टी. (सेवा कर), मग व्हॅट, मग उपकर. अक्षरं फिकट, कागद गुळगुळीत. यातली एस.सी. ही ओळ सरकारची नाही, ते पैसे हॉटेलच्याच खात्यात राहतात, हे चारचौघांना कसं कळावं? करांच्या रांगेत उभी असलेली रक्कम लोकांनी कर समजून मुकाट्याने भरली. सेवा कर भरल्यावर सेवा शुल्क वेगळं का, असं विचारणाऱ्यांना दोन्ही सरकारी आहेत असं सांगितलं गेल्याच्या तक्रारी तेव्हा सर्रास ऐकू येत. 2025 च्या निकालातही या फसगतीची दखल आहे, ती योग्यच आहे. नावातल्या साधर्म्याचा फायदा ज्यांना होत होता, त्यांनी ते नाव बदलण्याची घाई कधी केली नाही.

केंद्राच्या ग्राहक खात्याने 2017 च्या जानेवारीत सांगितलं की हे शुल्क ऐच्छिक आहे. 21 एप्रिल 2017 रोजी मार्गदर्शक सूचनाही आल्या: बिलात सेवा शुल्काचा रकाना कोरा ठेवावा आणि रक्कम ग्राहकाने स्वतः भरावी. कोरा रकाना फार कमी ठिकाणी दिसला. त्या सूचना मोडल्या तर कारवाई कोण करणार, हे कुठेच नव्हतं. 1 जुलैला जीएसटी आला. बिनएसी हॉटेलांना 12, एसींना 18 टक्के, आणि एकाच हॉटेलातला एखादा भाग जरी एसी असला तरी सगळीकडे 18. तळमजल्यावर साधं आणि माळ्यावर एसी रूम अशी रचना असलेल्या मुंबईतल्या हॉटेलांना हे जाचक होतं. 15 नोव्हेंबर 2017 पासून बहुतेकांना सरसकट 5 टक्के झाला, मात्र हॉटेलांना कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट बंद झाली. सेवा कराची ओळ गेली, सेवा शुल्काची राहिली.

त्याच वर्षी 12 डिसेंबरला पाण्याच्या बाटलीचा निकाल लागला. छापील किमतीपेक्षा जास्त घेतल्याबद्दल हॉटेलांवर कारवाई होता कामा नये, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. कारण तेच: ग्राहक तिथे नुसती बाटली विकत घ्यायला येत नाही, बसण्याची जागा, वातावरण आणि सेवा यांचा लाभ घ्यायला येतो. 1978 चाच युक्तिवाद, आणि तो मान्यही झाला. आता मान्य झालंच आहे, तर 20 रुपयांच्या बाटलीचे 100 रुपये घेताना सेवेचे पैसे वसूल झाले. मग त्या 100 रुपयांवर आणखी 10 टक्के सेवेसाठी, ते कशाबद्दल? मालकांच्या बाजूने याचं पटणारं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

टाळेबंदीने सेवेचा दर्जा आणखी घसरला. महाराष्ट्रात हॉटेलांत बसून खायला 5 ऑक्टोबर 2020 पासून निम्म्या क्षमतेने परवानगी मिळाली, पण गावी गेलेले जाणते वेटर सगळे परतले नाहीत. नवी, न शिकवलेली पोरं आली, मेन्यूकार्डाच्या जागी क्यूआर कोड आला. ज्या काळात सेवा सर्वांत विस्कळीत होती, त्याच काळात तिचं शुल्क बिलात पक्कं होतं.

दरम्यान 2019 चा नवा ग्राहक कायदा जुलै 2020 मध्ये लागू झाला आणि त्याने ग्राहक हक्कांसाठी एक केंद्रीय प्राधिकरण उभं केलं. 4 जुलै 2022 रोजी या प्राधिकरणाने फर्मान काढलं. सेवा शुल्क बिलात आपोआप धरायचं नाही, दुसऱ्या नावानेही नाही. सक्ती करायची नाही, न देणाऱ्याला प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही, आणि ते बिलात मिळवून त्यावर जीएसटी लावायचा नाही. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण हिशेब मांडून पाहा. 2,000 रुपयांच्या जेवणावर 5 टक्के जीएसटी धरून 2,100 होतात. त्याच जेवणावर आधी 200 रुपये सेवा शुल्क लावलं की कर 2,200 वर लागतो, 110 रुपये, आणि बिल 2,310 वर जातं. ऐच्छिक म्हणवल्या जाणाऱ्या रकमेवर ग्राहक सक्तीचा करही भरत होता.

मालकांच्या दोन देशव्यापी संघटना दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेल्या आणि 20 जुलै 2022 रोजी, अवघ्या सोळा दिवसांत, त्या फर्मानाला स्थगिती मिळाली. अटी दोन: शुल्काची माहिती मेन्यूवर आणि इतरत्र ठळक लावायची, आणि पार्सलवर ते घ्यायचं नाही. नको असेल तर त्या हॉटेलात जाऊ नका, असा सूरही सुनावणीत निघाला. ऑगस्टमध्ये वरच्या खंडपीठापुढे उलट प्रश्न आला: कामगारांना जास्त द्यायचं आहे तर पदार्थांचे दर वाढवा, वेगळं शुल्क कशाला?

माझ्या मते या सबंध प्रकरणातला सर्वांत नुकसानकारक टप्पा ही स्थगिती होता. ती अडीच वर्षांहून जास्त टिकली. स्थगिती म्हणजे मंजुरी नव्हे, हे कायद्याच्या विद्यार्थ्याला सांगावं लागत नाही. हॉटेलांच्या दारात मात्र न्यायालयाच्या आदेशाचे कागद झळकू लागले, जणू शुल्काला न्यायालयाचीच परवानगी आहे. शेवटी 12 एप्रिल 2023 रोजी न्यायालयाला बजावावं लागलं की आमचा आदेश असा दाखवून ग्राहकांची दिशाभूल करू नका. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोनपैकी एका संघटनेच्या सदस्यांसाठी तात्पुरती सोय झाली: 'सेवा शुल्क' ऐवजी 'स्टाफ काँट्रिब्युशन' म्हणायचं, 10 टक्क्यांच्या वर जायचं नाही, आणि ते दिल्यावर वेगळी टिप लागत नाही हे मेन्यूवर ठळक छापायचं. दुसऱ्या संघटनेला ही सोय लागू नव्हती. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन हॉटेलांत एकाच गोष्टीला दोन नावं आणि दोन नियम, आणि ग्राहकाला कुठलं हॉटेल कुठल्या संघटनेत हे कळायला मार्ग नाही.

28 मार्च 2025 च्या निकालाने ही घडी विसकटली. सक्तीचं सेवा शुल्क कायद्याला धरून नाही, प्राधिकरण नुसतं सल्ला देणारं मंडळ नाही, त्याच्या सूचना बंधनकारक आहेत, असं न्यायालयाने ठरवलं आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी 1 लाख रुपयांचा खर्च लावला. मालकांचा मुख्य मुद्दा होता कराराचा: मेन्यूवर लिहिलेलं वाचून ग्राहक बसला, म्हणजे त्याने मान्य केलं. न्यायालयाला तो पटला नाही. भुकेलं कुटुंब, लहान मूल कडेवर, अर्धा तास रांगेत थांबून टेबल मिळालेलं. अशा वेळी शेवटच्या पानावरची ओळ वाचून उठून जाण्याला करारस्वातंत्र्य म्हणणं कठीण आहे. दर किती ठेवायचे हा मालकांचा हक्क निकालाने अबाधित ठेवला, आणि ग्राहक खुशीने टिप देऊ शकतो हेही सांगितलं.

यात वेटरचं काय? मालकांच्या बाजूने हा मुद्दा सतत पुढे केला गेला आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. वेटरचा मूळ पगार कमी, पाळी दहा-बारा तासांची, झोपायला हॉटेलचाच माळा, हे कुणी नाकारू नये. प्रश्न इतकाच की ते दहा टक्के त्याच्यापर्यंत किती पोहोचतात. कार्डावर घेतलेली टिप मालकाने वाटली तर तो पगार नव्हे, मालक ती रक्कम केवळ कामगारांच्या वतीने सांभाळतो, असा आयकराच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2016 चा आहे. सेवा शुल्काला असा कोणताही धाक नाही. फुटलेल्या क्रोकरीचे पैसे त्यातून कापले की मालकाच्या नफ्यात मिळवले, हे वेटरला विचारता येत नाही आणि ग्राहकाला कळत नाही. ब्रिटनमध्ये 1 ऑक्टोबर 2024 पासून टिप आणि सेवा शुल्क पूर्णपणे कामगारांना वाटणं मालकांवर बंधनकारक आहे. आपल्याकडच्या सगळ्या वादात ग्राहक विरुद्ध मालक अशा दोनच बाजू झाल्या. वेटर त्यात पक्षकार कधी झालाच नाही.

संघटनांनी निकालाविरुद्ध त्याच न्यायालयाच्या खंडपीठाकडे अपील केलं. ऑगस्ट 2025 च्या सुनावणीत खंडपीठाने पाण्याच्या बाटलीचंच उदाहरण घेतलं: 20 ची बाटली 100 ला देताना ते वातावरणाचे पैसे असतील, तर सेवा शुल्क वेगळं कशाचं?

सध्या बिलावर सक्तीने लावलेली रक्कम दिसली तर आधी ती काढून नवं बिल मागावं. नकार दिला तर बिलाचा फोटो ठेवून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही. मात्र सेवा शुल्काची तक्रार आणि वाईट सेवेची तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शुल्क काढून घेतलं म्हणून न आलेल्या सुपाचा किंवा तासभर ताटकळण्याचा हिशेब मिटत नाही. तो 'सेवेतील त्रुटी' म्हणून वेगळा मांडावा लागतो, आणि त्याला ऑर्डरची वेळ, बिलाची वेळ, व्यवस्थापकाला केलेला लेखी मेसेज असा पुरावा लागतो.